पाड्यावर धाडलेली गाडी

माझा भाऊ शूर आहे हे आमच्या गावाने ठरवलं तेव्हा तो मागच्या खोलीत घोरत पडला होता. पुढे ओसरीवर गावातली शहाणी माणसं चहा पीत बसली होती आणि त्याच्या शौर्याचं काय करावं यावर खल चालला होता. मिरवणूक ट्रॅक्टरवरून काढायची की उघड्या जीपमधून, यावरून दोन तट पडले होते. ज्याची मिरवणूक त्याला उठवून विचारावं असं कुणालाही सुचलं नाही. नवरदेवाला विचारायची रीत आमच्याकडे तशी अलीकडचीच आहे.

मी त्याची थोरली बहीण. शहाद्याला दिलेली, तिथल्याच एका शाळेत लिपिक. माहेर ब्राह्मणपुरीच्या अंगाला. आईने फोनवर सांगितलं की भावाला पदक मिळाल्यापासून चहाचं पातेलं खाली उतरलेलं नाही, तेव्हा मी रजा टाकून आले. आईचाही सत्कार होणार होता. जो तो तिला वीरमाता म्हणत होता आणि वीरमाता स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. हा शब्द एरवी कुठल्या आयांसाठी वापरतात हे तिला पक्कं माहीत होतं. कुणी तो उच्चारला की ती हात पुसत मागच्या खोलीत डोकावून यायची. घोरणं ऐकू आलं की परत कपबशांकडे वळायची.

भाऊ सैन्यात, हेलिकॉप्टरवर तंत्रज्ञ आहे. तो हेलिकॉप्टर चालवत नाही. चालवणारे दोघे पुढे बसतात, हा मागे बसतो. दार उघडणं, माल बांधणं, माणसं आत घेणं आणि यंत्राचा आवाज ऐकून त्याचं काय दुखतंय ते ओळखणं, हे त्याचं काम. गावाला हे पचत नव्हतं. पुढे बसतो तो ड्रायव्हर आणि मागे बसतो तो क्लीनर, एवढंच आमचं वाहतुकीचं ज्ञान. क्लीनरचा सत्कार केला तर शेजारची गावं हसतील, म्हणून फलकावर त्याला परस्पर वैमानिक करून टाकलं. सैन्याला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते शहाद्याच्या फ्लेक्सवाल्याने एका दुपारी केलं.

फलकाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. त्यावर एक लढाऊ विमान होतं, दोन रणगाडे होते आणि एक वाघ होता. वाघ कशासाठी ते मी विचारलं नाही. भावाचा फोटो घाईत सापडेना, म्हणून लग्नातला कापून लावला होता. कापणाऱ्याचा हात जरा हलला असावा, कारण मुंडावळ्यांची एक लड विमानाच्या पंखाजवळ लोंबत राहिली होती. खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यातला सगळ्यात लहान फोटोसुद्धा भावाच्या फोटोपेक्षा मोठा होता.

पारावर त्याने मारलेल्या शत्रूंची संख्या रोज वाढत होती. सकाळी जितके मेलेले असत त्याच्या दुप्पट संध्याकाळपर्यंत मरत. आमच्या भाऊबंदांतल्या एका म्हाताऱ्याने तर सांगितलं की त्याने हेलिकॉप्टरला दोर बांधून शत्रूची तोफच उचलून आणली. भाऊ शेजारीच उभा होता. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि 'हे मला माहीत नव्हतं' एवढंच म्हणाला. त्याची विनयशीलता गावाला फार आवडली.

आमचे चुलते, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते सत्कार समितीचे प्रमुख. समितीत त्यांनी असा मुद्दा काढला की सैन्याने त्या दिवसापुरतं एखादं हेलिकॉप्टर पाठवायला काय हरकत आहे. आमच्याकडे हेलिकॉप्टर उतरतं ते निवडणुकीत. शाळेच्या मैदानावर चुन्याचा गोल आखतात, पंचक्रोशी लोटते आणि पुढारी काय बोलला हे कुणालाही आठवत नाही, पण पंख्याच्या वाऱ्याने कुणाच्या खळ्यातली तूर उडाली हे वर्षानुवर्षं आठवतं. नानांनी चुन्याची पोती आणूनही ठेवली होती. हेलिकॉप्टर येणार नाही हे कळल्यावर त्यांनी त्या चुन्यात मंडपाच्या वाटा आखून घेतल्या. वाया काही गेलं नाही.

खरं काय घडलं ते भावाने मला तुरीच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. तोवर घरात त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळे त्यालाच सांगत होते.

सीमेवर त्या दिवसांत गोळीबार चालू होता. उंच डोंगरातल्या एका ठाण्यावर तिघे जखमी होऊन पडले होते. वर हवा विरळ, त्यामुळे यंत्राची ताकद कमी पडते आणि एका खेपेत दोनच माणसं उचलता येतात. दोघांना आणलं. उतरताना आणि उठताना समोरच्या कड्यावरून गोळ्या येत होत्या. पत्र्याच्या छपरावर कुणी मूठभर बोरं टाकावीत तसा आवाज झाला, असं तो म्हणाला. खाली तळावर आल्यावर वैमानिक साहेबांनी मागे वळून विचारलं, मशीन कैसी है? शेपटीला भोकं पडली होती. याने उतरून एकेका भोकात बोट घालून पाहिलं. जिथे लागलं असतं तर संपलंच असतं, तिथे लागलेलं नव्हतं. पण नियमाने ते हेलिकॉप्टर तिथेच उभं करायला हवं होतं. वर तिसरा पडला होता आणि दुसरं हेलिकॉप्टर यायला फार वेळ होता. याने सांगितलं, ठीक है साहब.

म्हणजे ज्या शौर्यावर आमच्या गावात जेसीबीतून फुलं उधळायचं चाललं होतं ते तीन शब्दांत आटोपलं होतं, आणि त्यातही थोडं खोटं होतं.

दुसऱ्या खेपेला हेलिकॉप्टर नीट टेकूही शकलं नाही. एक बाजू खडकावर, एक हवेत. जखमीला आणणारे जवान दगडी आडोशामागे अडकून पडले होते, गोळ्यांमुळे त्यांना डोकं वर काढता येत नव्हतं. भाऊ उडी मारून उघड्यावरून त्यांच्याकडे पळाला. मी विचारलं, भीती नाही वाटली का? तो शेंगांकडे बघत म्हणाला, "पाय असा कापी ऱ्हायंतात ना ताई, उभं ऱ्हावापेक्षा पयनं सोपं व्हतं."

त्याने त्या जवानाला काखेत धरून ओढत आणलं, आत टाकलं आणि त्याची मांडी पट्ट्याने आवळून बांधली. पट्टा सुटू नये म्हणून वर गुडघा रोवून बसला. जवानाचे डोळे मिटत चालले होते. अशा वेळी माणसाला झोपू द्यायचं नसतं. जवान तोंडातल्या तोंडात काहीतरी बडबडत होता. याने कान लावला, आणि ती बोली ओळखीची निघाली. आमच्या कपाशीत वेचणीच्या दिवसांत जी बोली ऐकू येते, तीच. सातपुड्यातली. सीमेवरच्या त्या डोंगरात त्याच्या गुडघ्याखाली आमच्याच जिल्ह्याचा माणूस पडला होता.

त्याला जागं ठेवायचं तर त्याच्याच बोलीत बोलावं, असं भावाच्या मनात आलं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ही बोली लहानपणापासून कानांवर पडत आली, पण आपल्याला त्यातली मोजकीच वाक्यं येतात. पाणी आण. लवकर चल. खालची बोंडं सोडू नकोस. झोपू नकोस. उद्या कामाला ये. सगळे हुकूम. दुसरं काही आमच्यापैकी कुणाला शिकायची गरजच पडली नव्हती. तर माझा शूर भाऊ हेलिकॉप्टरच्या त्या घरघरीत एका मरणाऱ्या माणसाच्या कानाला तोंड लावून ओरडत राहिला: झोपू नकोस, उद्या कामाला ये, झोपू नकोस, उद्या कामाला ये.

थोड्या वेळाने त्या जवानाने डोळे उघडले. याच्याकडे पाहिलं, आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "गाडी धाडशात का?"

हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्याकडे डोंगरातली माणसं कामाला आणायची तर शेतकऱ्याने पाड्यावर गाडी धाडायची असते. गाडी आली तर माणसं येतात, नाही आली तर येत नाहीत. कुणाचं वावर, काम कोणतं, हे नंतर. आधी गाडी. तळोद्यावरून, खापरच्याही पुढे, पहाटे आमची पिकअप जाते आणि उन्हं वर यायच्या आत माणसांनी भरून थेट वावरात येते. ती माणसं भाकरी घरून आणतात, बांधावर बसून खातात आणि दिवस मावळायच्या वेळी त्याच गाडीने जातात. आमच्या ओसरीवर ती कधी बसली नाहीत. कुणी मनाई केली नव्हती, मनाई करायची वेळच आली नव्हती.

भाऊ म्हणाला, ते ऐकून त्याला हसू आलं आणि रडूही आलं. त्याने तिथेच कबूल केलं की गाडी धाडीन, पण कामाला नाही. माझ्या घरी येशील, ओसरीवर बसशील, माझ्या आईच्या हातचं जेवशील.

जवान वाचला. पाय गेला. डॉक्टर म्हणाले, पट्टा बांधला म्हणून माणूस राहिला. पण भावाच्या डोक्यातून ते जात नव्हतं की पट्टा आपण बांधला आणि पाय गेला. तो जवान आता कुबड्या घेऊन घरी आला होता, नवा पाय बसवायचा होता. घरी त्याची म्हातारी आई. भावाला पदकाचं काही नव्हतं, सत्काराचं तर अजिबातच नव्हतं. त्याला त्या दोघांना घरी आणून जेवू घालायचं होतं, आणि त्या आईसमोर उभं राहायचं होतं. ती आपल्याकडे कशी बघेल, याची त्याला धास्ती होती. हे त्याने मला शेंगा संपल्यावर सांगितलं. आम्ही दोघं मग बराच वेळ टरफलंच चिवडत बसलो.

तो म्हणाला, मीच जातो आणायला. घरात एकच कल्लोळ झाला. सत्काराच्या सकाळी सत्कारमूर्ती गावाबाहेर? न्हावी यायचा होता, फेटेवाला यायचा होता, आणि नवरदेव कधी पाहुण्यांना आणायला जातो का? शेवटी त्याने आमच्या वडिलांना, आबांना, सांगितलं की मग तुम्ही तेवढी गाडी धाडा. आबा पारावरून नुकतेच आले होते आणि खुशीत होते. म्हणाले, "तेन्हामा काय शे? रोज धाडतस, सकाय बी धाडसूत."

आणि त्यांनी धाडली. पिकअपवाल्याला रोज जे सांगतात तेच सांगितलं: पाड्यावरची माणसं घेऊन ये. पाडा कोणता तेही सांगितलं. आबा शब्दाचे पक्के आहेत.

सत्काराची सकाळ उजाडली. डीजे इतका मोठा होता की आमच्या म्हशीने दूध चोरलं. भावाला फेटा बांधला, गळ्यात हार घातला, खांद्यावर शाल टाकली आणि जेसीबीच्या दातेरी सुपातून त्याच्यावर झेंडूची फुलं ओतली. रस्ते खणायला आणलेलं यंत्र बरेच दिवस बसून होतं, तेवढंच त्याला काम मिळालं. व्यासपीठावर एक माजी होते, एक भावी होते आणि आजी कुणी यायचे होते ते आले नाहीत. त्यांच्यासाठी राखलेल्या खुर्चीवर नाना बसले.

भावाने पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर आपला रुमाल आणि टोपी ठेवली होती. त्या खुर्च्यांवर लोक येऊन बसत आणि तो व्यासपीठावरून खाली उतरून त्यांना उठवी. समितीला हे चमत्कारिक वाटलं. नानांनी त्याला खाली बस म्हणून खुणावलं. तो बसला नाही. पाहुणे येऊ द्या, मग बसतो, म्हणाला. नाना म्हणाले, पाहुणे तर सगळे वर बसलेत. भाषणं सुरू झाली. भावी जे होते त्यांनी शत्रूला घरात घुसून मारायची भाषा केली. ते स्वतः शेजारच्या गावात घुसायचे झाले तरी आधी फोन करतात, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी टाळ्या पडल्या.

मी बायकांच्या बाजूला बसले होते, आणि तिथून मला रस्ता दिसत होता. आमची पिकअप चहाच्या टपरीशी उभी होती. रिकामी. मी भावाकडे पाहिलं. त्यानेही पाहिली होती. तो उतरून मंडपाच्या कडेने तिकडे गेला. मी उठून मागे गेले. पिकअपवाला बशीत चहा ओतत होता. भावाने विचारलं, माणसं कुठायत?

"वावरमा उतारी दिधात," तो म्हणाला. "रोज उतारस तठेच. आबानी सांगं, पाडावरना मानसे लई ये. मी लई उनू."

त्याची काहीच चूक नव्हती. त्याला पाड्यावरच्या माणसांचा एकच पत्ता माहीत होता. त्याने पुढे असंही सांगितलं की आज माणसं कमी आली, एक म्हातारी आणि एक लंगडा, असल्या माणसांसाठी एवढं डिझेल जाळणं परवडत नाही. हे आबांना सांगा, म्हणाला.

फेटा, हार, शाल, सगळ्यांसकट भाऊ वावराच्या वाटेला लागला. मंडपात कुणाला कळलं नाही. सत्कारमूर्ती लघवीला गेली असावी असं समजून निवेदकाने दोन शेर म्हटले. मी भावाच्या मागोमाग गेले. वाटेत त्याने खिशातून फोन काढून पाहिला. त्या जवानाचे कितीतरी फोन येऊन गेले होते. डीजेत ऐकू आले नव्हते.

आमचं कपाशीचं वावर पाटचारीच्या पलीकडे आहे. बांधावर निंबाच्या सावलीत तो जवान बसला होता. इस्त्रीचा शर्ट, कुबड्या शेजारी आडव्या ठेवलेल्या, पँटचा एक पाय दुमडून पिन लावलेला. आणि समोर, कपाशीच्या ओळीत, त्याची आई कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली. ओटी अर्धी भरली होती.

भाऊ जागच्या जागी थांबला. जवानाने त्याच्याकडे पाहिलं. फेटा पाहिला, हार पाहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "उस्ताद, हेलिकॉप्टरमा तुम्हीच सांगं व्हतं ना, झोपू नको, सकाय कामले ये. उनू."

सांगितल्याप्रमाणे तो आला होता, आणि हसत होता. मनापासून हसत होता, त्यात टोचणी होती की नव्हती ते मला आजही सांगता येणार नाही. मला मात्र ते लागलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मग जवानाने सांगितलं. जेवायला बोलावलंय हे त्याने आईला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तिला ते पटलं नाही. आबांचं घर तिला माहीत होतं, या वावरात ती पूर्वी आलेली होती. तिच्या हिशेबाने सरळ गोष्ट होती: त्या माणसाने मुलाला आणलं, आता त्याने गाडी धाडली, म्हणजे त्याच्या वावरात काम करून यायचं. म्हणून तिने भाकरी बांधून घेतली, ओटीचं फडकं घेतलं. गाडी वावरात थांबली तेव्हा तिने मुलाकडे फक्त एकदा पाहिलं, सांगितलं नव्हतं का, अशा नजरेने. आणि ओळ धरली.

जवानाने तिला हाक मारून त्यांच्या बोलीत काही सांगितलं. ती ओळीतून बाहेर आली. भाऊ तिच्यासमोर उभा होता. तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, तळवे निरखून पाहिले. तिला आमची अहिराणी बऱ्यापैकी येत होती. आम्हाला तिची येत नव्हती.

"पाय गया ते गया," ती म्हणाली. "पोऱ्या घर उना ना."

भाऊ रडला. पदक घेताना नाही, जेसीबीच्या फुलांत नाही, कपाशीत उभा राहून हुंदके देऊन रडला. म्हातारीने त्याला थोडा वेळ रडू दिलं आणि ओळ अर्धी राहिली म्हणून परत वेचायला गेली. तो डोळे पुसत तिच्या शेजारच्या ओळीत शिरला. खांद्यावरची सत्काराची शाल काढून कमरेला ओटीसारखी बांधली आणि वेचू लागला. लहानपणापासून कामात चुकार, आबांना त्याच्याकडून एक ओळ कधी पुरी करून घेता आली नाही. त्या दिवशी ती त्याने पुरी केली. मी तोवर जवानापाशी बांधावर बसून राहिले.

गावातून भोंगा ऐकू येत होता. वाऱ्यावर तुटक तुटक. कुणीतरी सांगत होतं की त्या वीराने कसं एकट्याने शत्रूचं ठाणं उद्ध्वस्त केलं आणि डोळ्याचं पातं लवू दिलं नाही. जवान कान देऊन ऐकत होता. भाऊ जवळ आल्यावर त्याने खरोखर विचारलं, "हाऊ कोना बारामा बोली ऱ्हायना?"

"माले बी ठाऊक नही," भाऊ म्हणाला.

म्हातारीने फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकऱ्या आणि लाल मिरचीची चटणी. चौघांत वाटली. माझ्या हातावर भाकरी ठेवताना तिने माझ्या जरीच्या पदराला चटणी लागू नये म्हणून तो नीट बाजूला सारला. आम्ही त्यांना जेवायला बोलावलं होतं.

एवढ्यात मोटरसायकल आली. आबा, पांढरेशुभ्र, कडक इस्त्रीचे, डोक्याला फेटा. वीरपिता म्हणून त्यांचा नंबर लागायचा होता आणि वीर गायब झाला होता. गाडी उभी करतानाच ते भावावर तडकले, की तिथे माणसं खोळंबली आहेत आणि तू इथे वावरात काय करतोस. मग सवयीने त्यांची नजर ओळीवर गेली आणि तितक्याच सवयीने ते म्हातारीला म्हणाले, "खालनी बोंडे ऱ्हायी गयीत ना."

त्यांनी पुन्हा पाहिलं. कुबड्या दिसल्या. दुमडलेली पँट दिसली. मुलाच्या कमरेची शाल आणि तिच्यातला कापूस दिसला. आबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

भाऊ उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हा काही बोलेल. गोळ्यांतून पळणं सोपं होतं, आबांसमोर तोंड उघडणं आमच्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही. "आबा, आपले पाहुने शेतस," तो म्हणाला. त्याची नजर खाली गेली नाही.

आबा उभे होते. त्यांना घरी चला म्हणायचं होतं, ते मला त्यांच्या ओठांवर दिसत होतं. पण या माणसांना घरी चला म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि ऐनवेळी ते वाक्य त्यांना सापडेना. हात नुसताच गावाच्या दिशेने अर्धा उचलून ते थांबले. भोंग्यावर त्यांच्या नावाचा पुकारा चालू झाला होता.

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या वाट्याची भाकरी अजून तिच्या हातात होती. तिने ती मोडली, अर्धीवर चटणी ठेवली आणि त्यांच्यापुढे केली. डोंगरातली माणसं थोरामोठ्यांनाही तू म्हणतात.

"बठ ना आबा," ती म्हणाली. "वावर तं तुन्हंच शे."

आबांनी भाकरी घेतली आणि त्या पांढऱ्या कपड्यांनिशी मातीत बसले.